बाटलीतला निळा रंग कुठवर पोचतो

कॉपर पेप्टाइडचं सीरम तळहातावर घेतलं की आधी डोळ्यांत भरतो तो त्याचा निळा रंग. चांगल्या सीरममध्ये तो वेगळा घातलेला नसतो. तो तांब्याचा असतो, आणि बघायची सवय झाली की बाटलीतल्या मालाची बरीचशी हकिकत त्या रंगावरूनच कळते.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला हा निळा ओळखीचा आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तो पाण्यात विरघळवून त्यात चुन्याची निवळी घातली की बोर्डो मिश्रण होतं आणि वेलीवर केवडा येऊ नये म्हणून ते फवारतात. तिथं तांब्याचं काम मारण्याचं आहे. सुटा तांब्याचा आयन बुरशीच्या पेशीत शिरतो, तिथली प्रथिनं बिघडवतो आणि पेशी मरते. मग हेच तांबं लोक चेहऱ्याला पैसे मोजून का लावतात? कारण सीरममधलं तांबं सुटं नसतं. ते कोणीतरी धरून ठेवलेलं असतं. सगळा विषय या धरून ठेवण्यातच आहे.

बारावीच्या प्रॅक्टिकलला प्रथिनांची बाययुरेट परीक्षा केली असेल तर आठवून पाहा. परीक्षानळीत अंड्यातला पांढरा भाग, त्यात कॉस्टिक सोडा आणि वरून मोरचुदाचे दोन-चार थेंब. फिकट निळं द्रावण बघता बघता जांभळं होतं. अमिनो आम्लं एकमेकांना जोडून प्रथिन बनतं आणि प्रत्येक जोडावर एक नायट्रोजन असतो. हे नायट्रोजन चारी बाजूंनी तांब्याला धरतात, म्हणून रंग पालटतो. कॉपर पेप्टाइडमध्ये घडतं ते याच जातीचं. फरक इतकाच की तिथं अख्ख्या प्रथिनाऐवजी फक्त तीन अमिनो आम्लांचा तुकडा असतो आणि त्याला कॉस्टिक सोडा लागत नाही.

ही तीन अमिनो आम्लं म्हणजे ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन. त्यांच्या एकाक्षरी खुणांवरून या तुकड्याला जीएचके म्हणतात. तांबं धरलेल्या जीएचकेला बाटलीवर ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-1’ असं नाव असतं. पकड तीन ठिकाणी असते: ग्लायसिनच्या टोकाचा नायट्रोजन, ग्लायसिन-हिस्टिडिनच्या जोडावरचा नायट्रोजन आणि हिस्टिडिनच्या कड्यातला नायट्रोजन. ही पकड चांगली घट्ट आहे. आपल्या रक्तात तांबं वाहून नेणारं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन तांब्याला जितक्या जोरानं धरतं, जवळपास तितक्याच जोरानं हा एवढासा तुकडाही धरतो. म्हणून तो रक्तातल्या अल्ब्युमिनकडून तांबं घेऊ शकतो आणि पेशीपाशी गेल्यावर सोडूही शकतो. पकड आणखी सैल असती तर तांबं वाटेतच सुटून नुकसान करत बसलं असतं, आणि फार घट्ट असती तर ते पेशीला मिळालंच नसतं.

जीएचकेचा शोध लागला तेव्हा सौंदर्यप्रसाधनं कोणाच्या डोक्यातही नव्हती. अमेरिकेतले जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन पिकार्ट यकृताच्या पेशींवर काम करत होते. तरुण माणसाच्या रक्तद्रवात ठेवल्या की वयस्क माणसाच्या यकृतपेशी प्रथिनं तयार करण्याच्या बाबतीत तरुण पेशींसारख्या वागतात, असं त्यांना दिसलं. रक्तद्रवातला कोणता घटक हे करतो ते शोधताना हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा हाती लागला. 1973 साली तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हा तुकडा पेशीत तांबं पोचवायला मदत करत असावा, असं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. विशीत रक्तद्रवात मिलिलिटरमागे सुमारे 200 नॅनोग्रॅम जीएचके असतं आणि साठीत ते 80 वर येतं, हा जाहिरातींत सतत दिसणारा आकडाही पिकार्ट यांच्याच लेखांतून आलेला आहे.

पिकार्ट यांनी पुढे या पेप्टाइडवर कंपन्या काढल्या आणि उत्पादनं विकली. या विषयावरचे पुष्कळ आढावा-लेखही त्यांचेच. म्हणून ते खोटे ठरत नाहीत. पण शोधणारा, विकणारा आणि आढावा घेणारा एकच असला की वाचणाऱ्यानं थोडं सावध राहून वाचावं.

जीएचके हा क्रम शरीरात आणखी एका जागी दडलेला आहे, तो म्हणजे कोलॅजेनमध्ये. त्वचेच्या आतल्या थराला ताठपणा देणारं हे प्रथिन. पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनच्या एका साखळीत ग्लायसिन-हिस्टिडिन-लायसिन हे तिघे लागोपाठ येतात. खरचटलं, कापलं की जखमेपाशी प्रथिनं तोडणारी एन्झाइमं कामाला लागतात, कोलॅजेनचे तुकडे होतात आणि त्यातून जीएचके मोकळं होऊ शकतं. फ्रान्समधल्या रीम्सचे माक्वार आणि त्यांचे सहकारी यांनी यावरून तर्क केला की मोडलेलं कोलॅजेन स्वतःच दुरुस्तीची वर्दी देत असावं. 1988 साली त्यांनी फायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी, काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यात तांब्यासह जीएचके घातलं. कोलॅजेनचं उत्पादन वाढलं.

त्या प्रयोगातला एक आकडा बाटली विकत घेताना उपयोगी पडतो. परिणाम सर्वांत जास्त दिसला तो एक नॅनोमोलर द्रावणात. म्हणजे एका लिटरमध्ये अर्धा मायक्रोग्रॅमसुद्धा कॉपर पेप्टाइड नाही. आता ‘एक टक्का कॉपर पेप्टाइड’ असं लिहिलेलं सीरम घ्या. त्यात लिटरमागे 10 ग्रॅम असतं. भागाकार केला तर ते बशीतल्या त्या द्रावणापेक्षा सुमारे अडीच कोटी पट तीव्र भरतं. बशीतली पेशी आणि गालावरची कातडी यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरंच. तरी एवढं नक्की म्हणता येतं की अडचण बाटलीतल्या टक्क्यांची नाही. माल भरपूर आहे, तो आत पोचत नाही ही खरी अडचण. दोन टक्के, तीन टक्के अशी जाहिरात दिसली की हा भागाकार आठवावा.

आत पोचल्यावर तांबं करतं काय? शरीरातली काही महत्त्वाची एन्झाइमं तांब्याशिवाय चालत नाहीत. त्वचेच्या दृष्टीनं त्यातलं मुख्य लायसिल ऑक्सिडेज. फायब्रोब्लास्ट कोलॅजेन आणि इलॅस्टिन बाहेर टाकतात तेव्हा ते नुसते सुटे धागे असतात. हे एन्झाइम त्यांना आडव्या दुव्यांनी एकमेकांना बांधतं, आणि त्यानंतरच त्वचेला ताण सोसायची ताकद येते. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाच्या एन्झाइमालाही तांबं लागतं. ते पेशीत तयार होणारे उपद्रवी ऑक्सिजनचे रेणू निवळवतं. रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेजच्या गाभ्यातही तांबंच आहे. त्यामुळे ‘कॉपर पेप्टाइडनं वांग जातात’ असं कोणी म्हणालं तर मी तरी ते सहजी मान्य करणार नाही.

जीएचकेचं काम नुसतं तांबं पोचवण्यापुरतं नसावं, हे पुढच्या प्रयोगांत दिसलं. फायब्रोब्लास्टच्या संवर्धनात त्यानं कोलॅजेन तोडणाऱ्या एका एन्झाइमाचं प्रमाणही वाढवलं आणि त्या एन्झाइमाला आवरणाऱ्या प्रथिनांचंही. जखम भरताना हे दोन्ही लागतं: जुना विस्कटलेला सांगाडा काढायचा आणि नवा घालायचा. काही वापरणाऱ्यांची तक्रार असते की अति लावल्यानं चेहरा उलट सैल, सुरकुतलेला दिसायला लागला. त्यांच्या त्या अनुभवाचं कारण म्हणून याच तोडण्याकडे बोट दाखवतात. रोग्यांवरच्या चाचण्यांतून मात्र हे सिद्ध झालेलं नाही. थोडं लावून भागत असेल तर जास्त का लावा, एवढं शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता त्या अडचणीकडे, म्हणजे कातडीकडे वळू. त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधल्या जागेत स्निग्ध पदार्थ ठासलेले असतात. बाहेरचं आत येऊ नये यासाठीच तो थर आहे. त्वचाशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात: 500 डाल्टनपेक्षा जड रेणू या थरातून सहसा जात नाही. जीएचके 340 डाल्टनचं, तांब्यासह सुमारे 403. वजनात ते बसतं. पण दुसरी अट चुकते. हा रेणू पाण्यात रमणारा आणि विद्युतभारित आहे. स्निग्ध थरातून जायला त्याला जड जातं. मानवी त्वचेच्या तुकड्यांवर केलेल्या प्रयोगांत तांबं काही प्रमाणात पार होतं आणि काही त्वचेतच साठून राहतं असं दिसलेलं आहे, म्हणजे दार अगदीच बंद नाही. तरी लावलेल्यापैकी बराचसा भाग वरच राहतो आणि दुसऱ्या दिवशी तोंड धुताना वाहून जातो.

यावर उत्पादकांनी काढलेली एक युक्ती म्हणजे जीएचकेला पामिटिक आम्लाची चरबट शेपटी जोडायची. बाटलीवर ‘पामिटॉइल ट्रायपेप्टाइड-1’ असं दिसलं तर ते हे. शेपटीमुळे ते स्निग्ध थरातून जास्त सहज सरकतं. पण शेपटी जोडली जाते ती नेमकी ग्लायसिनच्या टोकाच्या नायट्रोजनवर, तांब्याच्या तीन पकडींपैकी एकीवर. म्हणून ते कॉपर पेप्टाइड राहत नाही. ते स्वतंत्र द्रव्य आहे, त्याचा पुरावा स्वतंत्र आहे, आणि त्याला निळा रंग नसतो. दुकानात दोन्ही ‘पेप्टाइड सीरम’ म्हणून शेजारी शेजारी ठेवलेले असतात.

माणसांवर काय दिसलं? जखमांपासून सुरुवात झाली होती. तांब्याच्या पेप्टाइडचं जेल मधुमेही रुग्णांच्या पायांवरच्या जखमांसाठी 1990 च्या दशकात अमेरिकेत तपासलं गेलं. जखम म्हणजे वरचं दार उघडंच, तेव्हा पोचण्याचा प्रश्न तिथं नव्हता. चेहऱ्याच्या बाबतीत, बारा आठवडे क्रीम लावून सुरकुत्या, पोत आणि त्वचेची जाडी यांत सुधारणा झाल्याचे अहवाल आहेत. त्यातले बरेच परिषदांमध्ये सांगितलेले आणि कंपन्यांशी जोडलेले आहेत, आणि स्त्रियांची संख्या शंभराच्याही आत. दुसरीकडे 2006 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी मला अधिक बोलकी वाटते. कार्बन डायऑक्साइड लेझरनं चेहऱ्याचा वरचा थर काढलेल्या मोजक्या रुग्णांपैकी काहींनी कॉपर पेप्टाइडची उत्पादनं वापरली, काहींनी नाही. लाली किती दिवसांत गेली आणि सुरकुत्या किती कमी झाल्या हे तपासणाऱ्यांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. रुग्णांना विचारलं तर कॉपर पेप्टाइडवाले जास्त खूश होते. आरशात बघून स्वतःबद्दल केलेल्या परीक्षणाचं मोल किती, ते यावरून लक्षात येतं.

ट्रेटिनॉइनसारख्या रेटिनॉइडच्या मागे दशकांचं संशोधन उभं आहे. सनस्क्रीनबद्दल तर वाद नाही. त्यांच्या तुलनेत कॉपर पेप्टाइडची बाजू लंगडी आहे. त्याच्या बाजूनं एवढं म्हणता येतं की बहुतेकांना ते सोसतं. रेटिनॉइडनं ज्यांची कातडी सोलते, लाल होते, त्यांना हा सौम्य पर्याय बरा वाटतो. सनस्क्रीनचे पैसे वाचवून मात्र हे घेऊ नका.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी प्यायल्यानं किंवा त्यानं चेहरा धुतल्यानं हेच साधेल का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. नाही. पाण्यात उतरतात ते थोडे तांब्याचे आयन. पोटात गेलेल्या तांब्याचा हिशेब यकृत ठेवतं आणि जास्तीचं पित्तावाटे बाहेर टाकतं. त्यातलं गालासाठी वेगळं काही निघत नाही.

आता वापराकडे येऊ. बाटली घेताना मागची घटकांची यादी वाचा. ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-1’ हे नाव हवं. एक टक्क्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमानं छापता येतात, त्यामुळे ते यादीत शेवटी आहे की मधे यावरून फारसं ठरवता येत नाही. इथं रंग कामाला येतो. कॉपर पेप्टाइड सांगितल्याइतकं असेल तर पाण्यासारख्या सीरमला निळी झाक असायलाच हवी. एक टक्क्याचा दावा आणि द्रव रंगहीन, हे जुळत नाही. पांढऱ्या दाट क्रीममध्ये मात्र रंग दबतो आणि फिकट आकाशीच दिसतो. यादीत वेगळा निळा रंग घातला असेल तर ही परीक्षा बाद. घरी आणलेल्या बाटलीचा निळा रंग पुढे हिरवट किंवा तपकिरी व्हायला लागला, किंवा उडाला, तर तांब्याची पकड सुटली किंवा आत दुसरं काही बिघडलं असं समजून ती टाकून द्या. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये खिडकीत किंवा गिझरच्या बाथरूममध्ये ती ठेवू नये. काळोखं, थंड कपाट पुरतं.

रात्री सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, टिपून घ्या, किंचित ओलसर असतानाच दोन-तीन थेंब सगळ्या चेहऱ्याला लावा, ते मुरलं की साधं मॉइश्चरायझर. झालं. पहिल्यांदा लावण्याआधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा. खाज, पुरळ आलं नाही तर चेहऱ्यावर एका आड एक रात्र सुरू करा आणि सोसलं तर रोज. निकाल बारा आठवड्यांच्या आत मागू नका, कारण कोलॅजेन सावकाश बनतं. सुरुवातीलाच एकाच खिडकीत, एकाच वेळच्या उजेडात, मेकअप न करता फोटो काढून ठेवावा. लेझरच्या त्या चाचणीनंतर नुसत्या आरशावर भरवसा ठेवायला नको.

आणि आता सगळ्यांचा आवडता प्रश्न: कशाबरोबर लावू नये? इथं पाठांतरापेक्षा कारण समजलेलं बरं. तांबं आज पेप्टाइडकडे आहे ते केवळ पेप्टाइडची बोली सध्या सगळ्यांत वरची आहे म्हणून. लासलगावच्या लिलावात जास्त बोली लावणारा व्यापारी आला की कांदा त्याच्याकडे जातो, तसं तांबंही जास्त घट्ट धरणारा भेटला की त्याच्याकडे जातं. ईडीटीए हे असंच द्रव्य. धातू पकडून ठेवण्यासाठीच ते प्रसाधनांत आणि साबणांत घालतात आणि ते तांब्याला जीएचकेपेक्षा घट्ट धरतं. जाणकार उत्पादक कॉपर पेप्टाइडच्या सीरममध्ये ईडीटीए घालत नाही. यादीत दोन्ही दिसले तर ती बाटली परत फडताळात ठेवा.

आम्लाचं काम वेगळ्या वाटेनं होतं. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक यांसारख्या आम्लांच्या सीरमचा सामू 3 ते 4 असतो. इतक्या आम्लात पेप्टाइडचे नायट्रोजन हायड्रोजनच्या आयनांनी व्यापले जातात, तांब्याला धरायला जागा उरत नाही आणि ते सुटं होतं. कॉपर पेप्टाइड साधारण 5 ते 7 या सामूला सुखी असतं. व्हिटॅमिन सी, म्हणजे शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, यात दोन तोटे. एक तर ते आम्ल आहे. दुसरं म्हणजे तांबं आणि ते एकमेकांना बिघडवतात: ते तांब्याला इलेक्ट्रॉन देतं, तांबं तो ऑक्सिजनला देऊन पुन्हा पहिल्यासारखं होतं आणि हे चक्र फिरत राहतं. थोड्याशा तांब्यानं पुष्कळ व्हिटॅमिन सी संपतं, शिवाय उपद्रवी ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. तेव्हा व्हिटॅमिन सी सकाळी, कॉपर पेप्टाइड रात्री. आम्लाची रात्र वेगळी ठेवा. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर तेही एका वेळी नको.

हायल्युरॉनिक आम्लाच्या नावात आम्ल असलं तरी सीरममध्ये त्याचा क्षार असतो, ते चालतं. नायासिनमाइड चालतं. ग्लिसरीन, सेरामाइड चालतात. रेटिनॉलशी रासायनिक भांडण नाही, पण दोन नव्या गोष्टी एकदम सुरू केल्या आणि तोंड लाल झालं तर दोष कोणाचा हे कळणार नाही. एक स्थिरावू द्या, मग दुसरी.

केसांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि तिथंच आशा जास्त विकली जाते. केसांना तांबं लागतं हे ज्या रीतीनं कळलं ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉन मेंकेस यांनी 1962 साली एका आजाराचं वर्णन केलं. त्यात लहान मुलग्यांचे केस विरळ, पिळलेले, चटकन तुटणारे असतात आणि मेंदूची वाढ खुंटते. कारण माहीत नव्हतं. दहा वर्षांनी ऑस्ट्रेलियात, मेलबर्नमध्ये, डेव्हिड डँक्स यांच्या लक्षात आलं की या मुलांचे केस तांब्याची कमतरता असलेल्या मेंढ्यांच्या लोकरीसारखे दिसतात. तिथल्या काही भागांत जमिनीत तांबं कमी, म्हणून मेंढ्यांची लोकर कुरळेपणा गमावून तारेसारखी होते, हे ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांना आधीपासून ठाऊक होतं. तपासल्यावर मुलांच्या शरीरातही तांबं पोचवण्याची वाट बंद असल्याचं निघालं.

यावरून लोक उडी मारतात ती अशी: तांबं नसेल तर केस बिघडतात, म्हणजे तांबं वाढवलं की केस सुधारतील. हे बरोबर नाही. साधा आहार घेणाऱ्या माणसात तांब्याची कमतरता सहसा नसते. डाळी, तीळ, शेंगदाणे, काजू यांत ते असतं. केस गळणाऱ्या पुरुषांत सर्वांत जास्त आढळतो तो प्रकार आनुवंशिक आणि हार्मोनशी निगडित. स्त्रियांत बाळंतपणानंतर, तापानंतर, लोह कमी पडल्यावर, थायरॉइड बिघडल्यावर केस गळतात. कुठं चाई पडलेली असते. यांतल्या एकाचंही मूळ तांब्याच्या तुटवड्यात नाही.

मग कॉपर पेप्टाइडचा केसांशी संबंध आला कुठून? एक धागा जखमांकडून. जखमेभोवतीचे केसांचे कूप मोठे झालेले दिसले, उंदरांवरच्या प्रयोगांत केस वाढले. दुसरा धागा कोरियातून. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात माणसाच्या टाळूतले केसांचे कूप काढून बशीत जगवले आणि त्यात एएचके-तांबं घातलं. हा जीएचकेचा भाऊबंद, ग्लायसिनच्या जागी अ‍ॅलनिन. बशीतले केस जास्त लांबले आणि कुपाच्या मुळाशी असलेल्या, केसाला वाढीचा हुकूम देणाऱ्या पेशींची संख्या वाढली. हे कुतूहल वाटावं असंच आहे. पण बशीतल्या कुपाभोवती ना टाळूची कातडी असते ना हार्मोन. जिवंत टाळूवर, मोठ्या संख्येनं, औषधाशिवायच्या बनावट द्रावाशी तुलना करून केलेल्या चाचण्या हव्यात, आणि त्या बाबतीत मिनॉक्सिडिल कितीतरी पुढे आहे. टाळूवर लावायचं मिनॉक्सिडिल अमेरिकेत 1988 पासून मंजूर आहे. कॉपर पेप्टाइडला केस उगवण्याचं औषध म्हणून तशी मान्यता नाही.

टाळूला लावायचंच ठरवलं तर ते टाळूला लावा, केसांच्या लांबीला नको. हे बारीक वाटेल, पण त्याला कारण आहे. केसाची काडी मेलेली असते. तिला दुरुस्त करण्यासारखं तिथं काही नाही. उलट नळाच्या पाण्यातलं तांबं केसाच्या काडीत साठतं आणि ऊन लागलं की तिथली प्रथिनं खराब करायला मदत करतं. म्हणूनच तर काही शाम्पूंमध्ये तांबं काढून नेणारी द्रव्यं मुद्दाम घालतात. तेव्हा भांग पाडत जा, ड्रॉपरचं टोक कातडीजवळ न्या, दर भांगावर दोन-तीन थेंब टाका आणि बोटांनी हलकेच पसरवा. टाळूला तेल चोपडलेलं असताना पाण्याचं सीरम खाली उतरत नाही. तेल लावायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी लावा. मिनॉक्सिडिल चालू असेल तर ते बंद करून हे सुरू करू नका. मिनॉक्सिडिल सोडलं की त्यानं टिकवलेले केस काही महिन्यांत गळतात, आणि मग दोष निष्कारण कॉपर पेप्टाइडच्या माथी जातो. केसांचा हिशेब सहा महिन्यांनी करा. मधल्या काळात रक्तातलं फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घेतलं तर कदाचित बाटलीपेक्षा जास्त फायदा होईल.

विल्सनचा आजार असलेल्यांच्या शरीरातून तांबं नीट बाहेर पडत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये. बाकीच्यांनी अंगात तांबं साठेल म्हणून घाबरायचं कारण नाही. एक टक्का सीरमचा अर्धा मिलिलिटर घेतला तर त्यात 5 मिलिग्रॅम कॉपर पेप्टाइड आणि त्यातलं प्रत्यक्ष तांबं एक मिलिग्रॅमपेक्षा कमी. सगळंच्या सगळं आत गेलं तरी ते साधारण एका दिवसाच्या जेवणातल्या तांब्याइतकं, आणि सगळं आत जात नाही हे आपण पाहिलंच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

कातडीचं दार बंद म्हणून ते फोडायची कल्पना निघतेच. घरी डर्मा रोलर फिरवायचा आणि वर सीरम चोळायचं. बाटलीतलं सीरम वरच्या थरावर लावण्यासाठी बनवलेलं असतं. त्यातली टिकवणारी द्रव्यं, सुवास, रंग हे सगळं सुईच्या वाटेनं आतल्या थरात गेलं तर शरीर त्याला परकं मानून गाठी धरू शकतं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा तीन स्त्रियांची नोंद केली. तिथं सुयांबरोबर दुसरी सीरमं वापरलेली होती, कॉपर पेप्टाइड नव्हतं, पण तत्त्व तेच. हे काम दवाखान्यात, निर्जंतुक सुयांनी आणि त्यासाठीच बनवलेल्या द्रावानं व्हायला हवं.

त्याहून पुढची पायरी म्हणजे टोचून घेणं. ‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावलेल्या कुप्यांतून निळी पावडर ऑनलाइन विकली जाते, आणि ती पाण्यात कालवून पोटाच्या कातडीखाली कशी टोचायची याचे व्हिडिओही मिळतात. टोचून घ्यायचं द्रव्य म्हणजे सौंदर्यप्रसाधन नव्हे. त्याची शुद्धता, निर्जंतुकपणा, मात्रा हे सगळं औषधाच्या कसोटीला उतरायला लागतं आणि त्या चिठ्ठीचा अर्थच असा की विकणाऱ्यानं ती जबाबदारी घेतलेली नाही. अशी कुपी घरात आलीच असेल तर ती उघडण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.